खिडकीवालीचं माणूस

"शर्ट काढा," सिस्टर म्हणाली.

"इथंच?"

"आणि बनियनसुद्धा. अहो काका, लाजताय काय असे? इथं तुमच्याकडे बघायला वेळ कुणाला आहे?"

खरंच नव्हता. खोलीत काचेच्या पेट्या होत्या, पेट्यांत दिवस भरायच्या आत आलेली बाळं होती आणि दोन-तीन आया आपापलं बाळ छातीशी घेऊन खुर्च्यांत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसानं चारचौघींत अंग उघडं करायचं म्हणजे जिवावरच येणार. सोनारकाकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक बटण काढलं. वळले तेव्हा सिस्टर बघतच राहिली.

"छातीवरचे केस कुणी काढायला सांगितले तुम्हांला?"

"टोचतील म्हणून... सकाळी न्हाव्याकडे जाऊन आलो. ऑपरेशन आहे का म्हणून विचारत होता."

सिस्टरच्या तोंडावर मास्क होता म्हणून बरं, नाहीतर ती केवढ्यानं हसली असती. तिनं काकांना आरामखुर्चीत रेलून बसवलं, खिडकीजवळची पेटी उघडली आणि त्यातलं बाळ उचलून त्यांच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. डोक्याला टोपी, खाली लंगोट, बाकी काही नाही. पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला वळवून दिली, वरून मऊ कापडाचा पट्टा गुंडाळला आणि काकांचा उजवा हात बाळाच्या पाठीवर नेऊन ठेवला.

"हं. आता हलायचं नाही. पेटीपेक्षा माणसाची ऊब चांगली. आई उठेपर्यंत तुम्हीच पेटी."

बाळाचं वजन होतं एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. काकांनी जन्मभर सोनं तोलायला काचेच्या कपाटातला काटा वापरला. पंखा लावला तरी डुगडुगणारा. एवढं वजन त्या काट्यानं एका वेळी कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा त्यांच्या लेखी ही पोरगी चांगली वजनदार होती. डॉक्टर मात्र सकाळीच म्हणाले होते, "फारच कमी आहे. बघू या."

छातीवर काहीतरी धुगधुगत होतं. काका टक लावून खाली बघत होते. एवढासा कान, तोही नीट घडलेला. नखं तर अशी, की बारीक चिमट्यानंसुद्धा धरता यायची नाहीत. काका आपले बघतायत, बघतायत, आणि एकदम डोक्यावरचं यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली. तिनं बाळाच्या तळपायावर टिचकी मारली.

"श्वास घ्या! अहो, श्वास घ्या!"

"घेत नाहीये का ती?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिला नाही, तुम्हांला सांगतेय! किती वेळ श्वास कोंडून बसलाय?"

काकांनी भस्सकन श्वास सोडला. खरंच कोंडला होता की. त्यांचं तरी काय चुकलं? बारीक वस्तू समोर आली की श्वास धरायचा, हे त्यांना वडिलांनी मारून मारून शिकवलेलं. काट्यावर वजन घेताना श्वास सुटला तर पारडं हलतं, खडा बसवताना सुटला तर खडा उडतो. जन्माची खोड ती, एका सकाळीत कशी जाणार?

बाळानं पुन्हा श्वास घेतला होता. यंत्र गप्प झालं. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वेळेआधी आलेली मुलं श्वास घ्यायला विसरतात, काका. खालची छाती वरखाली होत राहिली की त्यांना आठवण राहते. तुम्हीच थांबलात तर तिनं कुणाकडे बघायचं?"

"सोनारानंच कान टोचावेत म्हणतात," काका ओशाळून म्हणाले. "आज सोनाराचेच टोचले गेले."

"दुखले का?"

"दुखले. पण बरं झालं."

मग त्यांनी मोठा, सावकाश श्वास घेतला. छातीबरोबर पोरगी वर आली, खाली गेली. दिवसभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

त्या खोलीत बाळांना नावं नव्हती. दारावरची, मधली, नळाजवळचा, अशी सिस्टरनंच ठेवलेली ओळख. काकांची ती खिडकीवाली. आणि सकाळी दार उघडून सिस्टर हाक मारायची, "खिडकीवालीचं माणूस कोण आहे?" की काका बाकावरून उठायचे. "मी, मी आहे." पुष्कळ दिवसांत कुणी त्यांना असं कुणाचं माणूस म्हटलं नव्हतं.

पण ते कोण होते खिडकीवालीचे? पहिल्याच दिवशी सिस्टरनं विचारलं होतं, "मुलीचे वडील ना तुम्ही?"

"सासरे."

"मग आजोबाच की बाळाचे!"

काका नुसते हात धुवायला वळले होते. गोष्ट लहान होती, पण सांगायला अवघड. सून त्यांची खरी, पण ज्याच्यामुळे सून, तो मुलगा मोटारसायकलवरून जाताना एका वळणावर गेला, त्याला आता चार वर्षं होत आली. बायको त्याच्याही आधी गेलेली. घरात उरले सासरा आणि सून. ती बिचारी बसून राहिली असती तशीच. काकाच एका सकाळी म्हणाले, "आयुष्य म्हणजे काय ठेवणीतलं कापड आहे, घडी घालून ठेवायला? तू लग्न कर." लोकांनी तोंडात बोटं घातली. काकांनी स्थळ शोधलं, जहाजावर नोकरी करणारा शांत माणूस, आणि तिच्या दुसऱ्या लग्नाची अंगठी स्वतःच्या हातानं घडवली. निघताना ती गळ्यात पडून रडायला लागली, तेव्हा तिला म्हणाले, "आता दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस. ते तुझं घर. इथं मुद्दाम येऊ नकोस."

बोलून तर बसले. आणि त्यानंतर घरात बोलायला भिंतीशिवाय कुणी राहिलं नाही. काका ओट्याशी उभ्या उभ्या जेवायचे, कारण एका ताटासाठी कोण पाट मांडतं?

ती मात्र गावातच होती आणि अधूनमधून दुकानात यायची. काहीतरी निमित्त काढायची, कानातलं सैल झालं, साखळीचा फासा तुटला. नवरा समुद्रावर, सासू लांबच्या गावी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी. एकटीच होती तीही. दिवस राहिल्याचं तिनं काकांना दुकानातच सांगितलं होतं, नजर खाली करून, जणू काही अपराधच केला. "अगं वेडे," काका म्हणाले होते, "यापेक्षा गोड बातमी दुसरी आहे का?" आणि ती गेल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून बराच वेळ बसून राहिले होते.

आणि मग ती अंगठी.

सातव्या महिन्यात एक दिवस ती आली. "बाबा, अंगठी रुततेय हो."

"रुतणारच! अंगावर मांस धरतेस. चांगलंय." काकांनी अंगठी निमुळत्या लोखंडी कांबीवर चढवली, हलक्या हातानं ठोकत वाढवून दिली, पॉलिशही करून दिलं. थोड्याच दिवसांत ती पुन्हा आली. या खेपेला अंगठी निघेचना. साबण लावला, दोरा गुंडाळून ओढली तेव्हा कुठं निघाली. बोट जांभळं पडलेलं.

"डोकं फार ठणकतंय दोन दिवस," ती म्हणाली होती.

"उन्हातून आलीस. पाणी पी. तपासायला जातेस ना?"

"मागची खेप चुकली. जाईन पुढच्या आठवड्यात."

"जा हं," म्हणून काकांनी अंगठी आणखी वाढवली. या वेळी माप अगदी बरोब्बर बसलं. ते खूशही झाले.

आठवडा उलटायच्या आत तिला घरी झटके आले. शेजारणीनं दवाखान्यात आणलं. तिच्या फोनमध्ये नवऱ्याच्या खालोखाल नाव होतं 'बाबा'. नवरा भर समुद्रात, तेव्हा काकांनाच फोन आला. डॉक्टरांनी विचारलं, "हातापायांवर सूज होती का? डोकं दुखायचं का? डोळ्यांपुढे अंधारी?" आणि काका पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "बोटांवर होती. डोकंही दुखत होतं."

"कधीपासून?"

काकांनी सांगितलं. डॉक्टर भले माणूस, रागावले नाहीत. समजावून सांगितलं, की आईचा रक्तदाब असा चढला की वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नाही. बाळ पोटातल्या पोटात उपाशी राहतं. म्हणून इतकं लहान. ऑपरेशन करून वेळेआधी काढलं नसतं तर दोघीही हाती लागल्या नसत्या. आई अजून धोक्याबाहेर नाही, मूत्रपिंडावर ताण आलाय. बाळाचं वजन वाढलं तर बाळ तरेल.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं? काका खालच्या मजल्यावर पायरीवर जाऊन बसले. ज्या हातांनी सूज चाचपली त्याच हातांनी अंगठी वाढवून दिली. बोटाचं माप घेतलं आणि पोरीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. एवढंच जर म्हटलं असतं, "चल, आत्ताच्या आत्ता दाखवून येऊ," दुकान ओढून घेतलं असतं तासभर, तर? हे 'तर' काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

मग ते वर गेले आणि सिस्टरला विचारलं, "वजन वाढवायला मी काय करू?"

ती म्हणाली, "शर्ट काढायची तयारी आहे का?"

असे ते त्या खुर्चीत येऊन बसले होते.

दुकानाला कुलूप लागलं. शेजारचा शिंपी विचारायचा, "काय काका, बरेच दिवस बंद?" काका म्हणायचे, "पाहुणी आलीय." सकाळची बस, कोपरापर्यंत हात धुणं, मग खुर्ची. बाळ छातीवर आलं की श्वास वरखाली. नळीतून दूध जायचं, आईचं काढून आणलेलं असेल तर ते, नाहीतर दुसऱ्या कुणा बाईनं दिलेलं. पाय मुंग्यांनी बधिर व्हायचे, पाठ मोडून यायची, पण काका हूं की चूं करायचे नाहीत.

पहिले काही दिवस वजन वाढण्याऐवजी उतरलंच. काकांची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरला गाठलं. "तुमचा काटा तपासलेला आहे ना? टेबल समपातळीत नसलं तर फरक पडतो हो. मी बघू का जरा?"

"काका," सिस्टर शांतपणे म्हणाली, "काट्याला काही झालेलं नाही. सगळ्याच बाळांचं आधी उतरतं. अंगातलं पाणी कमी होतं. मग चढतं. तुम्ही तुमच्या जागेवर जाऊन बसा पाहू."

काका जाऊन बसले. आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला, मग वर सरकायला लागला. आज वीस ग्रॅम, उद्या पंधरा, परवा पंचवीस. नळी निघाली, पोरगी वाटी-चमच्यानं दूध प्यायला लागली. प्यायची म्हणजे काय, अर्धं काकांच्या पोटावर सांडायची. काका तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे, तर शिंपी कसा थापा मारतो, बसचा कंडक्टर कसा आखडू आहे, तुझ्या आईला शिट्टी वाजवता येते हे कुणालाच माहीत नाही. एकदा म्हणाले, "माझा मुलगा झाला तेव्हा मला दारातूनच दाखवला गं. मान धरायला लागेपर्यंत हातात घेतला नाही मी. भीती वाटायची. मग दुकान, मग शाळा... राहूनच गेलं." पोरगी झोपेत तोंड वाकडं करून हसली. तिला काय कळतंय? पण काकांचे डोळे भरून आले.

बाळाच्या आईला शुद्ध आली, पण खालच्या अतिदक्षता विभागात एका वेळी पाचच मिनिटं भेटू द्यायचे.

"कशी आहे हो बाबा?"

"तुझ्यासारखी. रागावली की नाकाचा शेंडा लाल."

"मला केव्हा दाखवणार?"

"आधी तू ताठ बसायला लाग." मग काका घुटमळले. "पोरी, ती अंगठी... मला कळायला हवं होतं गं."

तिनं सुयांनी भरलेला हात त्यांच्या हातावर ठेवला. "मला तरी कुठं कळलं? माझंच बोट होतं की." थोड्या वेळानं म्हणाली, "हे येतायत. यांच्या आईपण येतायत, मामंजींना नणंदेकडे ठेवून. जहाज धक्क्याला लागलं म्हणे."

"वा! छान झालं!" काका मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की तिथल्या सिस्टरनं तोंडावर बोट ठेवलं.

छान झालंच होतं. बाप येणार, आजी येणार, पोरीचं गणगोत येणार. बाळ वाढावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण त्या दिवशी बसमधून घरी जाताना काका आपला थांबा चुकले. जितकी ती वजनानं भरत जाईल तितके आपण लागेनासे होऊ, हे त्यांना लख्ख दिसत होतं. उद्या काटा जरा दमानं चढला तरी चालेल, असा एक विचार मनाला चाटून गेला आणि काकांना स्वतःची शिसारी आली. "थू," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हातारचळ लागला तुला."

ते दोघं आले त्या सकाळी सिस्टरनं काट्यावरून बाळ उचललं आणि टाळीच वाजवायची बाकी ठेवली. "चौदाशे पाच! खिडकीवालीनं जन्माचं वजन भरून काढलं, वर पंचवीसची कमाई!" मधल्या बाळाची आई हसली. नळाजवळच्याची आई म्हणाली, "काका, पेढे हवेत." काका खुर्चीत बसले होते, छाती उघडी, छातीवर ती. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की बघणाऱ्यानं त्यांनाच बाप समजावं.

तेवढ्यात दार उघडलं. उन्हानं रापलेला एक माणूस आणि त्याच्यामागे दमलेली, प्रवासानं चुरगळलेली एक बाई.

"आमचं बाळ कुठलं?" बाईनं विचारलं.

सिस्टरनं काकांकडे बोट दाखवलं. बाईनं पाहिलं, तर एक उघडाबंब म्हातारा तिची नात पोटाशी धरून बसलेला. ती गडबडली. "हे कोण?"

"हे आजोबा बाळाचे," सिस्टर म्हणाली.

"आजोबा? आजोबा तर गावी..."

"आई," मुलगा घाईघाईनं म्हणाला, "हे तिचे... आधीचे सासरे."

मग काकाच म्हणाले, "या, या. बघा तुमची लेक. आजच वजन भरलं." आणि स्वतःच पट्ट्याची गाठ सोडायला लागले. बोटं गाठीत अडकली. बारीक कामातली बोटं, पण आज गाठ सुटायलाच तयार नाही. सिस्टरनं पुढे होऊन सोडवली.

बापानं हात धुतले, शर्ट काढला, खुर्चीत बसला. काकांनी बाळ उचललं. छातीवरून ऊब उठली आणि तिथं एकदम गार लागलं. पोरगी कुरकुरली. बापाच्या अंगावर गेली तशी आधी रडली, मग तोंड इकडेतिकडे घासलं आणि गप्प झाली. बापानं दोन्ही तळवे तिच्या पाठीवर धरले. बायको शुद्धीत नसताना, पोरगी पेटीत असताना हा माणूस पाण्यावर कसा दिवस काढत असेल, हे काकांना पहिल्यांदाच जाणवलं. भला माणूस. काकांनी स्वतःच तर शोधला होता.

बाई वाईट नव्हती हो. तिनं नातीच्या पावलाला बोट लावलं आणि तिला हुंदका फुटला. मग ती काकांकडे वळली, दोन्ही हात जोडले. "तुमचे फार उपकार झाले. परकं असून कुणी इतकं करत नाही. आमच्या घराण्यावर ऋण आहे तुमचं."

आपल्या माणसाचे असे हात जोडून आभार मानतं का कुणी? "अहो, उपकार कसले..." एवढंच काका म्हणाले आणि शर्ट शोधायला लागले. बटणं वरखाली लागली.

"काका, तुमचा पास यांना द्या हं," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. तिलाही ते म्हणणं जड जात होतं. "रोज खुर्चीत बसायला एका बाळाला एकच माणूस, असा नियम आहे. आणि असं करा ना, थोडं थांबा. दुपारी आईला वर आणतोय, व्हीलचेअरवरून. पहिल्यांदा घेणार ती बाळाला. बघून तरी जा."

थांबावं असं काकांना फार वाटलं. एवढं एक बघायला मिळालं असतं. पण ती येईल तेव्हा तिच्या एका अंगाला नवरा असेल, दुसऱ्या अंगाला सासू, आणि ती मान वळवून 'बाबा' म्हणून आपल्यालाच शोधत बसेल. काकांना आपली पोर माहीत होती. डगर एकच असलेली बरी.

"दुकान बरेच दिवस बंद आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं खोळंबलीत. तिला सांगा, वजन भरलं म्हणून." आणि गळ्यातला पास काढून बापाच्या खुर्चीच्या दांडीला अडकवला.

बसला गर्दी नव्हती. काका खिडकीशी बसले, थोडे मागे रेलून. दोन थांबे गेल्यावर शेजारच्या बाईनं त्यांच्याकडे वाकून पाहिलं. काकांचे डोळे मिटलेले, उजवा तळवा छातीवर, खोलगट धरलेला, आणि छाती मोठ्या, सावकाश श्वासानं वरखाली होत होती.

"काका, छातीत दुखतंय का? गाडी थांबवायला सांगू का?"

काकांनी डोळे उघडले. आपल्याच हाताकडे पाहिलं. "नाही बाई," ते म्हणाले, "काही नाही," आणि हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

बाई पुढच्या थांब्यावर उतरून गेली. बस सुटली तेव्हा हात पुन्हा वर गेला होता. या वेळी काकांनी तो तिथंच राहू दिला.